कड

मेरांटीची फळी आली की आधी डोळ्याला लावायची,
बंदुकीसारखी, एक डोळा मिटून.
चार मीटर लांब, तीन बोटं जाड,
आणि मधेच कुठेतरी पोट सुटलेलं.
लवू, आधी हे पोट बघ. मग मशीनला हात लाव.

अजमानच्या जुर्फमध्ये, पत्र्याखाली,
ऑगस्टात पेन्सिलची रेघ टिकत नाही,
आपल्याच तळहाताने पुसली जाते.
म्हणून मी रेघ ओढतच नाही.
बारा दात्यांचं पातं, चिरायचं.
कडेचं गाईड पंचेचाळीस मिलिमीटरवर,
दोन्ही स्क्रू आवळून पुन्हा मोजायचं,
पुढच्या दात्यापासून, मग मागच्या दात्यापासून.
केसभर फरक राहिला तर लाकूड जळतं
आणि वर्गीस ऑफिसात बसून नाकाने ओळखतो.

शफीकुलने एकदा विचारलं, हे गाईड म्हणजे नक्की काय?
म्हटलं, आंधळा माणूस.
भिंतीला हात लावून चालतो.
भिंत वळली की तोही वळतो,
आणि त्याला वाटतं, आपण सरळच आलो.

कड वाकडी असली तर चारही पट्ट्या वाकड्या,
एकसारख्या,
बापाची चाल पोरांच्या पायांत उतरावी तशा.
म्हणून पहिली कड रुळावर सरळ करून घ्यायची.
तिथे वेळ गेला तर जाऊ दे.

मग बुडी.
पात्याचा आवाज पुरता चढू दे, मग दाब.
पहिल्यांदा तीन मिलिमीटर, नुसता ओरखडा.
दुसऱ्यांदा आरपार.
ढकलायचं नाही. म्हशीला पाण्यावर नेतात
तसं बाजूने चालायचं.

आंबेरीत माझा बाप आणि चुलता फणसाचे ओंडके चिरायचे.
ओंडका उंच घोडीवर, एक वर, एक खाली.
वरच्याला रेघ दिसते,
खालच्याला फक्त भुसा.
बाप धाकटा, म्हणून खाली.
रात्री आई पदराचं टोक ओलं करून
त्याच्या डोळ्यांतलं कुसळ काढायची
आणि तो म्हणायचा, रेघ सरळ गेली ना, बस.
कोणाला विचारायचा, कोण जाणे.

इथे भुसा पिशवीत जातो.
वरही मीच, खालीही मीच.

अर्ध्यावर आलं की ऐक.
आवाज बसतो, घशात काही अडकल्यासारखा.
कुठल्या तरी उतारावर वाढलेलं झाड असतं हे,
पन्नास वर्षं एकाच अंगावर वजन घेऊन उभं.
आता ते अंग सोडतंय.
चीर मिटत येते, पातं धरून ठेवते.
तेव्हा ओढू नकोस. उचलू नकोस.
बटणावरचं बोट काढ, पातं थांबू दे,
मग पाचर ठोक.
मी खिशात दोन ठेवतो.

इनायत पारकरने ओढलं होतं.
मशीन उलटून अंगावर आलं, रेड्यासारखं.
मांडीला अकरा टाके.
आता राजिवड्यात रिक्षा चालवतो,
ईदला फोन करतो आणि सलामाच्या आधी विचारतो,
पाचर आहे ना खिशात?

गेल्या वर्षी गावात जमिनीची वाटणी झाली.
मोजणीदाराने जुना गडगा धरून हद्द ओढली.
गडगा विहिरीपाशी पोट काढून आहे, लहानपणापासून बघतोय,
आम्ही त्या पोटावर बसून करवंदं खायचो.
आता ते पोट कागदावर आहे, शिक्क्यासकट.
मी तिथे असतो तर डोळ्याला लावून दाखवलं असतं.
खरं तर नसतं दाखवलं.
चुलता वरच्या अंगाला उभा असता.

आणि हेही बघून ठेव, लवू.
कड सरळ, गाईड आवळलेलं, हात स्थिर,
तरी शेवटची वीत सुटताना
एखादी पट्टी धनुष्यासारखी बाहेर वाकते.
कोणाची चूक नाही. तिच्या आतच होतं ते.
वर्गीस म्हणतो, फेक.
मी तिला रात्रभर सपाट ठेवतो, वर मेरांटीचं ओझं.
खोरावरून दमट वारा येतो.
सकाळी कधी थोडी नरमलेली असते,
कधी तशीच.

तशीच राहिली तर मजलिसच्या छतात
मागच्या रांगेला लावायची,
झुंबराचा उजेड पोचत नाही तिथे,
दोन स्क्रू जास्त मारून.